घटक ६ : शोक आणि आशा – ख्रिस्ती परंपरेच्या भाषेचा परिचय

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

१. क्रियापदाच्या चार अर्थांच्या आधारे शोक व सांत्वन यांच्या भाषेतील फरक स्पष्ट करणे.
२. बायबलमधील विलापपर रचनांची मांडणी सांगणे.
३. ‘आशा’ या शब्दाच्या मराठीतील अर्थच्छटा व ख्रिस्ती लेखनातील त्याचा विशिष्ट अर्थ यांतील भेद सांगणे.
४. पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या कार्याचा या दृष्टीने परामर्श घेणे.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, घरात मृत्यू घडला की सर्वांत आधी भाषा अडखळते. समाचाराला येणाऱ्याला काय बोलावे ते सुचत नाही आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्याला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. तरीही कोणीतरी बोलते. ‘झाले ते फार वाईट झाले’, ‘त्यांचे तेवढेच होते’, ‘आता मुलांकडे पाहून सावरायला हवे’ अशी वाक्ये पिढ्यानुपिढ्या ठरून गेली आहेत. आपणांपैकी बहुतेकांनी ती कधीतरी उच्चारली असतील आणि कधीतरी ऐकलीही असतील. त्यांतील काही वाक्यांनी खरोखर आधार वाटतो, तर काहींनी आपण अधिकच एकटे पडलो असे वाटते. हा फरक बोलणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असतोच. परंतु काही प्रमाणात तो वाक्याच्या घडणीवरही अवलंबून असतो.

शोकाला सामोरे जाण्याची भाषा प्रत्येक धर्मपरंपरेने घडवली आहे. या घटकात आपण ख्रिस्ती परंपरेची भाषा पाहणार आहोत. ही परंपरा मराठीला परकी नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. हा विश्वास कोणी स्वीकारावा किंवा स्वीकारू नये, हा या घटकाचा विषय नाही. दुःखात असलेल्या माणसाला ही परंपरा आशा देते असे म्हटले जाते. ती कोणत्या मार्गाने देते आणि त्यासाठी दुःख नाकारावे लागते काय, हा आपला प्रश्न आहे.

६.२ संकेतार्थ : ‘असते तर’

मराठी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे चार अर्थ आपण व्याकरणाच्या अभ्यासात पाहिले आहेत. येथे त्यांचा उपयोग आपण एका वेगळ्या कारणासाठी करू.

शोकाचा पहिला अर्थ बहुधा संकेतार्थ असतो. ‘वेळेवर दवाखान्यात नेले असते तर वाचला असता’, ‘त्या दिवशी मी घरी असते तर हे झाले नसते’ अशी वाक्ये मृत्यू झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात उच्चारली जातात. घडून गेलेली गोष्ट बदलता येत नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. तरी मन पुन्हा पुन्हा त्याच वळणावर परत जाते आणि दुसरी वाट धरली असती तर काय झाले असते याचा हिशेब मांडते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात बेथानी गावच्या मार्था आणि मरिया या बहिणींची कथा आहे. त्यांचा भाऊ लाजर आजारी पडतो. त्या येशूला निरोप पाठवतात, पण तो पोहोचेपर्यंत लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि दोघीही जवळजवळ एकच वाक्य बोलतात : तो येथे असता तर आपला भाऊ मेला नसता. हे शुद्ध संकेतार्थी वाक्य आहे. त्यात श्रद्धा आहे आणि ठपकाही आहे.

या वाक्याला मिळणारा प्रतिसाद अभ्यासण्याजोगा आहे. ठपका ठेवल्याबद्दल येशू कोणाही बहिणीला दोष देत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरिया रडत येते तेव्हा मात्र तो विवेचन करीत नाही, तो स्वतः रडतो. कथेच्या ओघात पुढे लाजर जिवंत होणार आहे आणि येशूला ते ठाऊक आहे, असे लेखकाने आधीच सुचवलेले असते. म्हणजे पुढील आनंद ठाऊक असूनही आजचे अश्रू अनावश्यक ठरत नाहीत. शोकाविषयीची ख्रिस्ती भूमिका समजून घेण्यासाठी हा प्रसंग पायाभूत मानला जातो.

६.३ विध्यर्थ : सांत्वन करणाऱ्यांची भाषा

‘रडू नये’, ‘मन घट्ट करावे’, ‘देवाची इच्छा मानावी’ ही विध्यर्थी वाक्ये होत. कर्तव्य, योग्यता, अपेक्षा हे विध्यर्थाचे क्षेत्र. सांत्वन करणारा सहज या क्षेत्रात शिरतो, कारण तेथे त्याला काहीतरी सांगता येते. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र दुःखाबरोबर आणखी एक कर्तव्य येते.

बायबलमधील ईयोबाचे पुस्तक या प्रश्नावरच उभे आहे. ईयोब आपली संपत्ती, सात मुलगे आणि तीन मुली गमावतो आणि नंतर स्वतः व्याधिग्रस्त होतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटीला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. पुस्तकातील त्यांचे सर्वांत योग्य वर्तन हेच होय. त्यानंतर ते बोलू लागतात. दुःखाला कारण असलेच पाहिजे, ईयोबाच्या हातून काही पाप घडले असले पाहिजे, त्याने ते कबूल करावे, असे ते परोपरीने पटवू पाहतात. ईयोब ते मान्य करीत नाही. तो देवाला जाब विचारतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुस्तकाच्या शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि त्याच्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोबच, असा निर्वाळा देतो.

या पुस्तकातील संवाद नीट वाचले तर एक भाषिक भेद लक्षात येतो. तिन्ही मित्र देवाविषयी पुष्कळ बोलतात, पण देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब मात्र मधूनच मित्रांकडे पाठ फिरवतो आणि थेट देवाला उद्देशून बोलू लागतो. त्याची भाषा तिखट आहे, परंतु ती द्वितीय पुरुषात आहे.

तुमची प्रगती तपासा – १
१. मार्था आणि मरिया यांच्या उद्गाराचा व्याकरणिक अर्थ कोणता?
२. ईयोब आणि त्याचे मित्र यांच्या बोलण्यात कोणता भाषिक भेद दिसतो?

६.४ आज्ञार्थ : विलापाची रचना

द्वितीय पुरुषातील या भाषेला बायबलमध्ये एक निश्चित वाङ्मयप्रकार लाभला आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश विलापपर आहेत. या रचनांत सामान्यपणे पाच अंगे आढळतात : हाक, गाऱ्हाणे, विनवणी, विश्वासाची कबुली आणि स्तुतीचे अभिवचन. क्रम नेहमी हाच असतो असे नाही. तेराव्या स्तोत्रात ही अंगे अवघ्या सहा कडव्यांत पाहता येतात. आरंभी ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, मग विनवणी येते आणि शेवटी विश्वासाची व स्तुतीची भाषा येते.

विनवणी आज्ञार्थात असते. पाहा, ऐक, उठ, उत्तर दे. देवाला आज्ञा कशी करता येईल, असा प्रश्न आपल्याला पडेल. मराठी संतवाङ्मयाच्या वाचकाला मात्र हे नवे नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला ‘तू’ म्हणतात. आज्ञार्थात आज्ञेबरोबर विनंती आणि आर्जवही येते, हे आपण व्याकरणात शिकलो आहोत. आर्जव करायला समोर कोणीतरी असावे लागते. दुःखाला ऐकणारा मिळणे, ही या परंपरेतील आशेची पहिली पायरी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तिगीतांसाठी अभंगाचे रूप स्वीकारले, त्यामागे हेही एक कारण मानता येईल. द्वितीय पुरुषातील जवळिकीची आणि तक्रारीची भाषा त्यांना अभंगात तयारच मिळाली.

विलापाचा शेवट प्रत्येक वेळी सुखद असतो काय? तसे नाही. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात विश्वासाकडे वळणारे कडवे नाही. ते अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही संकलन करणाऱ्यांनी ते प्रार्थनासंग्रहातून वगळले नाही. एखाद्या दिवशी माणसाला आशेचे कडवे म्हणता येत नाही, हे जणू त्यांनी गृहीत धरले होते.

‘विलापगीत’ या पुस्तकाची रचना याहून सूचक आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. त्या विध्वंसावरची ही पाच गीते आहेत. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. पहिल्या चार गीतांत कडव्यांचा आरंभ वर्णमालेच्या क्रमाने होतो आणि तिसऱ्या गीतात प्रत्येक अक्षराला तीन ओळी मिळून ६६ ओळी होतात. अनावर दुःखाला वर्णमालेच्या चौकटीत बसवणे म्हणजे ते पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्णपणे सांगून टाकणे होय. पुस्तकातील आशेचे सर्वांत ठळक उद्गार तिसऱ्या गीतात, म्हणजे मधोमध येतात. त्यानंतर पुन्हा शोक सुरू होतो आणि पुस्तकाचा शेवट अनिश्चिततेत होतो. पाचव्या गीताची कडवी २२ असली तरी त्यात वर्णमालेचा क्रमही उरलेला नाही. ज्यांनी स्वतः शोक अनुभवला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. एखादा दिवस बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काही सुचेनासे होते. त्या बऱ्या दिवसाची आशा म्हणून खोटी ठरत नाही.

क्रूसावरचा येशूचा उद्गारही याच परंपरेतला आहे. तेथे तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे, देवाने आपल्याला का सोडले असे विचारणारे शब्द उच्चारतो. मार्काचे शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिलेले असूनही लेखकाने ते शब्द अरामी भाषेत, येशूच्या बोलीत, तसेच राखले आणि नंतर त्यांचा अर्थ दिला. विलाप हा अविश्वासाचा पुरावा आहे, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही, कारण त्याच्या विश्वासाच्या केंद्रस्थानीच विलाप आहे.

६.५ स्वार्थ : आशेचे विधान

स्वार्थात केवळ विधान असते. तेविसावे स्तोत्र दफनविधीच्या वेळी पुष्कळदा वाचले जाते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या पहिल्या तीन कडव्यांत देवाचा उल्लेख तृतीय पुरुषात येतो. तो मेंढपाळ आहे, तो नेतो, तो विसावा देतो. चौथ्या कडव्यात मृत्यूच्या छायेची दरी येते आणि नेमक्या तेथेच ‘तो’ बदलून ‘तू’ होतो. दरी टळेल असे विधान स्तोत्रात नाही. दरीत सोबत आहे, एवढेच विधान आहे.

सोबतीच्या या विधानापुढे जाऊन ख्रिस्ती विश्वास आणखी एक विधान करतो. ते पुनरुत्थानाचे आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आणि म्हणून त्याच्यामध्ये मरण पावलेलेही उठतील, असा हा विश्वास आहे. इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने मृतांना ‘झोपी गेलेले’ म्हटले आहे. हाच शब्दप्रयोग मराठी ख्रिस्ती कबरींवरील ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ किंवा ‘महानिद्रा’ यांसारख्या लेखांत दिसतो. दफनभूमीसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही ‘झोपण्याची जागा’ असाच आहे. झोपेच्या कल्पनेत जागे होणे गृहीत असते.

याच पत्रातील पौलाचे वाक्य काळजीपूर्वक वाचले पाहिजे. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये, असा त्याचा आशय आहे. या वाक्यातील निषेध शोकाला लागू आहे की शोकाच्या प्रकाराला? वाक्यरचना पाहता तो प्रकाराला लागू आहे. शोक करणे त्याने गृहीतच धरले आहे. या वाक्याचा अर्ध्यावर तोडलेला अर्थ घेऊन ‘विश्वास असेल तर रडू नये’ असे सांगणारा मनुष्य ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत जाऊन बसतो.

६.६ ‘आशा’ हा शब्द

मराठीत ‘आशा’ या शब्दाला दोन टोकांच्या छटा आहेत. ‘डॉक्टरांनी आशा सोडली’ या वाक्यात ती जीवनाशी जोडलेली आहे. ‘आशाळभूत’ या शब्दात ती हीन लालसा दाखवते. संतवाङ्मयात आणि वैराग्यपर सुभाषितांत ‘आशा’ अनेकदा तृष्णेच्या जोडीने येते व बंधन म्हणून त्याज्य ठरते. बायबलच्या मराठी भाषांतरांत हाच शब्द श्रद्धा आणि प्रीती यांच्या बरोबरीने सद्गुण म्हणून येतो. शब्द तोच, पण परंपरेनुसार त्याचे मूल्य बदलते. अर्थविचाराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

आशेसाठीचा हिब्रू शब्द ‘तिक्वा’ वाट पाहणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्याच रूपाचा शब्द यहोशवाच्या पुस्तकात ‘दोरी’ या अर्थाने येतो. चौथ्या शतकात सिद्ध झालेल्या नायसीन मतांगिकारातही असाच भेद दिसतो. देवाविषयी बोलताना तेथे ‘विश्वास ठेवतो’ हे क्रियापद येते, पण मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच ‘वाट पाहतो’ या अर्थाचे क्रियापद येते. मराठीतील ‘वाट पाहणे’ हा वाक्प्रचार येथे चपखल बसतो. वाट पाहणाऱ्याचे माणूस अजून आलेले नसते. त्याची जागा घरात रिकामीच असते. तरी तो दार लावून घेत नाही.

तुमची प्रगती तपासा – २
१. विलापपर स्तोत्राची पाच अंगे सांगा.
२. ‘आशा’ या शब्दाच्या मराठीतील दोन परस्परविरोधी छटा सोदाहरण लिहा.

६.७ दोन मराठी उदाहरणे

(अ) पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) : १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले. वयाची चोवीस वर्षे पूर्ण होण्याआधी रमाबाईंच्या जवळच्यांपैकी मनोरमा ही लहान मुलगी तेवढी उरली होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयावर महाराष्ट्रात फार मोठा वाद झाला. त्याचा तपशील येथे आवश्यक नाही.

येथे महत्त्वाचे आहे ते त्यांनी आपल्या शोकाचे काय केले हे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार झालेल्या शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशन त्यातून वाढले. ज्या संकटात आपली माणसे गेली त्याच संकटात सापडलेल्यांकडे त्या गेल्या. याच काळापासून पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतर फार संस्कृतप्रचुर आहे आणि सामान्य स्त्रियांना ते समजत नाही, असे त्यांचे मत होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. लाजराची कथा, ईयोबाचा जाब आणि तेविसावे स्तोत्र साध्या मराठीत आणण्याचे काम करणाऱ्या या बाईंना त्या मजकुरातील प्रत्येक हानी परिचयाची होती.

(आ) लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) : पतीच्या धर्मांतरामुळे १८९५ नंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचा मृत्यू झाला. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य त्यांनी आरंभले होते आणि ते अपुरे राहिले होते. औपचारिक शिक्षण फारसे नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा उरलेला मोठा भाग रचला. ते १९३८ साली, त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हसू आणि दुःख एकाच परिच्छेदात नांदतात. मृत माणसाचे अपुरे काम पुढे नेणे आणि त्याच्या आठवणी हसत सांगणे, ही आशेची दोन रूपे म्हणून या दोन ग्रंथांकडे पाहता येते.

६.८ समारोप

ख्रिस्ती परंपरेतील आशा शोकाच्या जागी येऊन बसत नाही. ती शोकाला आधी बोलू देते. ‘असते तर’ म्हणणाऱ्या माणसाला ती दटावत नाही, ‘सावरावे’ असे घाईने सांगणाऱ्याला ती अडवते आणि आर्जव करण्यासाठी एक ‘तू’ समोर ठेवते. त्यानंतरच ती पुनरुत्थानाचे विधान करते आणि ते पूर्ण होण्याची वाट पाहते. त्या मधल्या काळात माणसाने काय करावे याची उत्तरे रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या कामात सापडतात. आपण या परंपरेचे असू किंवा नसू, समाचाराला जाताना उपयोगी पडेल असे एक निरीक्षण या अभ्यासातून हाती येते : ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस त्यांच्या पुढील सर्व भाषणांपेक्षा मोलाचे होते.

६.९ सरावासाठी स्वाध्याय

१. क्रियापदाच्या चार अर्थांच्या आधारे शोक आणि सांत्वन यांच्या भाषेचे विवेचन करा. (२५० शब्द)
२. ‘विलापगीत’ या पुस्तकात आशेचे उद्गार मध्यभागी येतात, याचे महत्त्व स्पष्ट करा.
३. अभंग आणि विलापपर स्तोत्र यांतील द्वितीय पुरुषाच्या उपयोगाची तुलना करा.
४. उपक्रम : आपल्या परिसरात दुखवट्याच्या प्रसंगी वापरली जाणारी दहा वाक्ये नोंदवा. त्यांचे अर्थानुसार वर्गीकरण करा आणि त्यांपैकी कोणत्या वाक्याने आधार वाटतो व का, ते आपल्या शब्दांत लिहा. नोंदी करताना कोणाही कुटुंबाचे नाव लिहू नये.